मनोऱ्यावर हात कोणी धरला

बाजाराच्या मागच्या गल्लीत, किल्ल्या बनवणारा आणि छत्र्या दुरुस्त करणारा यांच्या मधोमध एक दुकान आहे. दुकान म्हणायचं ते आपलं कौतुकाने. दुकानदार आत असताना गिऱ्हाईक आत येऊ शकत नाही, आणि आलंच तर दुकानदाराला शिलाई मशीनवर चढून बसावं लागेल, एवढी ऐसपैस जागा. तिथे बॅगा दुरुस्त होतात. चेन अडकली, चाक निखळलं, दांडी वर येईना, आली तर खाली जाईना, अशा सगळ्या दुखण्यांवर तिथे इलाज होतो. इलाज करणाऱ्याला अख्खा बाजार बॅगवाला म्हणतो. त्याला स्वतःचं नाव आहे, पण ते फक्त विजेच्या बिलावर वापरलं जातं.

माणूस साधा, कमी बोलणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. फक्त एका गोष्टीवर त्याचा काडीचा विश्वास नाही, आणि ती गोष्ट म्हणजे बॅग. गिऱ्हाईक दिमाखात सांगतं, "कुलूप आहे हो, नंबरचं." बॅगवाला खिशातलं साधं बॉलपेन काढतो, टोक चेनच्या दातांमध्ये खुपसतो आणि बॅगेचं पोट चर्रकन उघडून दाखवतो. कुलूप आपलं बाजूला लोंबकळतंय. मग चेनचे तेच कुलूपबंद रनर एकदा पुढेमागे फिरवले की बॅग परत बंद, जसं काही झालंच नाही. गिऱ्हाइकाचा चेहरा उतरतो आणि त्याच्या पुढच्या प्रवासाची मजा तिथेच संपते. बॅगवाल्याची तर ती लग्नाआधीच संपली होती.

तरी प्रवास काही चुकला नाही. दरवर्षी सुट्टीत घरचे सगळे कुठल्या ना कुठल्या शहरात जायचे. बॅगवाला, बायको, लहानगी लेक, बायकोची थोरली बहीण आणि तिचा नवरा, म्हणजे बॅगवाल्याचा साडू. हा साडू पाणीपट्टी भरून घ्यायच्या खिडकीमागे नोकरीला होता. वर्षभर त्या खिडकीत तोंड मिटून बसावं लागायचं, त्याचा सूड तो सुट्टीत उगवायचा. कुठल्याही इमारतीसमोर उभा राहिला की ती कोणी बांधली, कशाला बांधली आणि बांधणाऱ्याचं पुढे काय झालं, हे सगळं ओतायचा. खरं किती, खोटं किती, देव जाणे. बॅगवाल्याला 'कुलूप' हे नाव त्यानेच ठेवलं.

शहरात पोचायचं सकाळी आणि राहायची खोली मिळायची दुपारी. मधल्या वेळात बघायची ठिकाणं उरकायची, असा शिरस्ता. सामान ठेवायला सगळीकडे सोय असायची, पावतीसुद्धा मिळायची. पण बॅगवाला तिथवर जायचा, आत डोकावायचा आणि बॅगांसकट परत यायचा. बायकोने एकदा विचारलं, आता इथे काय खोट निघाली? तर म्हणाला, "त्या माणसाच्या कानावर पेन आहे." मग ठरलेलं वाक्य यायचं: "तुम्ही या जाऊन. मी बसतो सामानापाशी." बायको आधी चिडली, मग विनवून थकली, शेवटी तिने नाद सोडला. पालथ्या घड्यावर पाणी किती दिवस ओतणार?

त्यामुळे झालं असं, की या माणसाने पुष्कळ शहरं पाहिली आणि सगळी बाकावरून पाहिली. राजवाडा कसा होता म्हणून विचारा. बाक दगडी होता आणि ऊन डावीकडून सरकत यायचं. संग्रहालय? बाक लोखंडी, मधे हात टेकायच्या दांड्या, म्हणजे पाठ टेकायची सोय नाही. समुद्र? तिथे बाकच नव्हता, कठड्यावर बसावं लागलं, आणि समुद्राकडे पाठ करून, कारण बॅगा रस्त्याच्या बाजूला होत्या. आत काय होतं ते त्याला नंतर तिघांकडून कळायचं आणि तिघांचा मेळ कधी बसायचा नाही. मेहुणी फरशीबद्दल बोलायची, कारण घसरून पडायच्या भीतीने तिने फरशीशिवाय काही पाहिलेलंच नसायचं. साडू सनावळ्या सांगायचा. बायको म्हणायची, "एका चित्रात एक राणी होती, अगदी आपल्या वरच्या मजल्यावरच्या काकूंसारखी. तसंच तोंड वाकडं करून बघत होती." बॅगवाल्याला बायकोचं सांगणं सगळ्यात पटायचं, कारण त्यात कोणीतरी ओळखीचं असायचं. दोन-तीन दिवस तेच घोळवत तो मशीन चालवायचा आणि आपणही आत जाऊन आलो असं त्याला वाटायला लागायचं.

असं सगळं सुरळीत चाललं होतं. मध्ये वर्षं गेली, पोरगी मोठी झाली, तिचं लग्न झालं, ती दुसऱ्या शहरात राहायला गेली. आणि एका रविवारी ती नवऱ्याला घेऊन माहेरी आली असताना, चहा पिता पिता, तिने बापाच्या डोक्यात भुंगा सोडला.

"बाबा, यंदा तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला आपण चौघांनी मनोऱ्यावर जायचंय. मी तिकिटं काढलीत. दुकान कोण बघणार, हे आता विचारायचं नाही."

"कुठल्या मनोऱ्यावर?"

"कुठल्या काय? घड्याळाच्या. आईला चढताना मधेच चक्कर आली होती आणि तुम्ही तिचा हात धरून तिला वरपर्यंत नेलं होतं, त्या." ती नवऱ्याकडे वळली. "लहानपणी झोपताना मी रोज हीच गोष्ट मागायचे. मी आईच्या कडेवर. बाबांच्या एका हातात आईचा हात आणि दुसऱ्या हातात माझा बूट, कारण तो माझ्या पायातून सुटला होता. वर गेल्यावर नदी दिसली. बाबा म्हणाले, बघ, नदीसुद्धा वळताना जरा थांबते."

"वा," जावई म्हणाला. "बाबा, तुम्ही तर छुपे कवी निघालात."

बॅगवाल्याच्या हातातली बशी कलली आणि चहा लेंग्यावर सांडला. असलं वाक्य तो जन्मात बोलला नव्हता. नदी त्याने पाहिली नव्हती, बूट त्याने उचलला नव्हता, आणि त्या मनोऱ्याच्या पहिल्या पायरीलासुद्धा त्याचा पाय लागला नव्हता. त्याला तो दिवस लख्ख आठवत होता. मनोऱ्याच्या मागच्या अंगाला बाक होता, बाकाखाली एक कुत्रं झोपलं होतं, आणि ते कुत्रं बॅगेवर पाय वर करील या धास्तीने त्याचा सगळा वेळ गेला होता.

त्याने बायकोकडे पाहिलं. ती घाईने उठली आणि "चहा आणते" म्हणून आत गेली. सगळ्यांचे कप भरलेले होते.

तिथे त्याच्या मनात पाल चुकचुकली.

पोरगी आणि जावई परत गेल्यावर, बायको कपड्यांच्या घड्या घालत होती तेव्हा, त्याने विषय काढला. काढला म्हणजे त्याच्या पद्धतीने, चाक हलतंय का ते बोटाने आधी चाचपून बघावं तसा.

"त्या मनोऱ्यावर गेलो होतो आपण, तेव्हा..."

"त्याला झाली की वर्षं," बायको म्हणाली.

"मी खाली होतो ना?"

"असाल."

"असाल म्हणजे?"

"अहो, पोरीच्या डोक्यात लहानपणीचं काहीतरी बसलंय. तुम्ही कशाला कीस काढताय? उठा, त्या चादरीचं टोक धरा."

त्याने टोक धरलं. चादरीच्या दुसऱ्या टोकाला बायकोचे कान लाल झाले होते, आणि घडी घालायला ती जवळ आली तेव्हा तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं. इतक्या वर्षांच्या संसारात तिने त्याच्याकडे बघायचं टाळलं ते फक्त काही लपवायचं असेल तेव्हाच. मागे एकदा त्याची आवडती बरणी फुटली होती तेव्हा असं झालं होतं.

आता डोक्याचा भुगा व्हायला सुरुवात झाली. चक्कर आली, हात धरला, ही गोष्ट कुठून आली? पोरगी तर तेव्हा कडेवरची. तिला सांगितली असणार आईने. आईने खोटी कशाला सांगावी? म्हणजे हात कोणीतरी धरला होता. तो आपला नव्हता. मग त्या दिवशी बरोबर दुसरा पुरुष कोण होता? एकच. माहितीचं पोतं.

साडूचा विचार मनात आल्याबरोबर त्याला स्वतःचीच लाज वाटली. डोक्याचे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरतात, आणि आता हे? पण लाज वाटली म्हणून विचार थांबत नाही. उलट लाजेमुळे तो कोणाला सांगता येत नाही, आणि मग आतल्या आत नासतो. दुकानात त्याचा हात चुकायला लागला. एका बॅगेला रनर उलटा बसवला. एका शाळेच्या मास्तरांच्या बॅगेचा बाहेरचा कप्पा उसवला होता, तो असा शिवला की कप्प्याचं तोंडच बंद. मास्तर बॅग हातात घेऊन बराच वेळ चाचपडले. शेवटी म्हणाले, "बॅगवाले, यात हात कुठून घालायचा?" बॅगवाला म्हणाला, "तेच तर मला कळत नाहीये."

शेवटी तो साडूकडेच गेला. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, त्यापेक्षा एकदा धरून बघावं म्हणून.

साडू निवृत्त होऊन घरीच असायचा. गुडघ्याला पट्टा बांधून खिडकीत बसलेला. जन्मभर खिडकीची सवय. "या कुलूपराव," म्हणाला.

"साडूभाऊ, तो घड्याळाचा मनोरा आठवतो?"

"आठवतो म्हणजे? बांधणाऱ्याचं नाव सांगू की घड्याळ बसवणाऱ्याचं?"

"वर कोण कोण गेलं होतं ते सांगा. आपल्यातलं."

साडूने चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, परत घातला. "सगळेच गेलो होतो की."

"मीपण?"

"तू नाही तर कोण? बायकोचा हात धरून चालला होतास. मी मागेच होतो. म्हटलं, आज कुलूप उघडलं."

बॅगवाल्याने आ वासला. तेवढ्यात मेहुणी चहा घेऊन आली. त्याने तिलाच विचारलं, "ताई, तुम्हीपण होता का वर?"

"मी? हो. म्हणजे... त्या दिवशी माझी चप्पल..."

"चहा गार होतोय," साडू मोठ्याने म्हणाला आणि त्याने लगेच नळाच्या पाण्याचा विषय काढला.

घरी परत येताना बॅगवाल्याचे पाय रस्त्यावर आणि डोकं भलतीकडेच. आपण नव्हतो म्हणावं तर साक्षीदार उभा राहिला. होतो म्हणावं तर बॅगांपाशी कोण होतं? हा प्रश्न त्याला कुठूनही सुटेना. बॅगा एकट्या राहिल्या होत्या, हे त्याला कल्पनेतसुद्धा मान्य होईना. बरं, साडू आपल्या बाजूने बोलला, त्याचं तरी बरं वाटावं? तेही नाही. चोराच्या मनात चांदणं, म्हणतात. स्वतःचा हात लपवायला तो माझा हात पुढे करत असेल. आणि ताईंची चप्पल मधेच कुठून आली? की हे सगळे खरं बोलताहेत आणि माझंच डोकं फिरलंय? कुत्रं दुसऱ्याच शहरातलं असेल. बाक दुसऱ्याच मनोऱ्यामागचा असेल. इतक्या बाकांवर बसलोय, की कुठला बाक कुठल्या गावचा हे कोर्टात शपथेवर सांगायची वेळ आली तर सांगता येईल का? त्याने एकेक बाक आठवून बघितला. राजवाड्याचा समुद्रावर गेला, समुद्राचा कठडा संग्रहालयात आला, आणि कुत्रं सगळीकडे दिसायला लागलं.

बायकोचं वेगळंच सुरू झालं. जायचा दिवस जवळ यायला लागला तशी ती खुसपटं काढायला लागली. आधी म्हणाली, माझे गुडघे दुखतात. मग म्हणाली, ऊन किती वाढलंय. मग म्हणाली, त्या शहरात आहे काय बघण्यासारखं, त्यापेक्षा पोरीला म्हणावं इकडेच या. शेवटी तर, "तुमचं दुकान कोण बघणार?" हे तिनेच विचारलं. ज्या बाईने जन्मभर प्रवासासाठी याच्या मागे टुमणं लावलं, तिने. बॅगवाल्याला वाटलं, झालं, आता आणखी पुरावा कशाला हवा? हातच्या काकणाला आरसा कशाला?

"जायचं," तो म्हणाला. एवढ्या ठामपणे तो आजवर फक्त गिऱ्हाइकाला नाही म्हणत आला होता.

आणि ते गेले. पोरीच्या गाडीतून गेले, बॅगा गाडीच्या डिकीत. मनोऱ्यापाशी जावयाने गाडी लावली, किल्लीचं बटण दाबलं, गाडी टुंक करून बोलली. पोरीने बापाकडे पाहिलं. आता बाबा म्हणणार, तुम्ही या जाऊन. तिने त्यासाठी दोन-चार वाक्यं तयार ठेवली असावीत. पण बॅगवाल्याने डिकीकडे मान वळवूनही पाहिलं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्यापाशी बॅगांपेक्षा मोठी काळजी होती.

आत जायच्या आधी तो मनोऱ्याला वळसा घालून मागच्या अंगाला जाऊन आला. तिथे बाक नव्हता. सायकली अडकवून ठेवायचा एक लोखंडी सांगाडा होता आणि त्याला दोन सायकली बांधलेल्या होत्या. तो त्या सायकलींकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणजे आता आपल्या बाजूने बोलायला लाकडाचं ढलपंसुद्धा उरलं नाही.

मनोऱ्याचा जिना दगडी, गोल गोल चढणारा, आणि इतका अरुंद की वरून माणूस उतरायला लागलं तर भिंतीला पाठ लावून उभं राहावं लागे. पोरगी आणि जावई उत्साहाने पुढे गेले. पोरीचा आवाज वरून यायचा, "आई, ती खिडकी आली की सांग हं. तिथेच चक्कर आली होती ना? तिथे तुमचा दोघांचा फोटो काढायचाय." बायको एक हात भिंतीला लावून चढत होती. बॅगवाला तिच्या मागे, आणि त्याचं सगळं लक्ष त्या हाताकडे.

मधेच भिंतीत एक उंच, चिंचोळी खिडकी आली. बायको थांबली. थांबली आणि पदराने तोंड पुसत पायरीवर बसलीच.

"इथेच ना?" बॅगवाल्याने विचारलं.

"हो."

"कोण होतं?"

"कुठे?"

"इथे. तुझा हात कोणी धरला होता?"

बायकोने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं. आधी तिला प्रश्न कळला नाही. मग कळला. मग तो प्रश्न किती दिवसांचा आहे तेही कळलं, आणि साडूकडे तो कशाला गेला होता तेही. तिचा चेहरा असा झाला की बॅगवाला एक पायरी खाली सरकला.

"तुम्हाला काय वाटलं?" ती म्हणाली. "कोण असेल असं वाटलं तुम्हाला?"

"मला काहीच कळेना. म्हणून तर विचारतोय."

"कोणी नव्हतं. ताईच्या चपलेचा अंगठा दारातच तुटला. ती आणि भाऊजी चांभार शोधायला गेले. मला म्हणाले, तू हो पुढे, आम्ही आलोच. ते काही आले नाहीत. भाऊजी मनोऱ्याचं जे सांगतात ना, ते खालची पाटी वाचून. आतापर्यंत कबूल करायची हिंमत झाली नाही त्यांना."

"मग माझं नाव का घेतात?"

"माझ्याच तोंडून ऐकलंय ना त्यांनी. तुम्ही वर नव्हता हे निघालं तर तेही नव्हते हे निघेल, म्हणून हो ला हो."

वरून एक जोडपं उतरत आलं. बॅगवाल्याने भिंतीला पाठ लावली, बायकोने पाय आखडून घेतले. ते गेल्यावर ती खालच्या आवाजात बोलायला लागली.

"पोरीला घेऊन मी इथवर आले आणि डोळ्यांपुढे अंधारी आली. वर जाववेना, खाली उतरवेना. बसले अशीच. माणसं मला ओलांडून जात होती. पोरगी रडायला लागली."

"हाक मारायची होतीस."

"मारली असती तर बॅगा सोडून आला असता तुम्ही?"

आलो असतो, असं त्याला म्हणायचं होतं. ओठांपर्यंत आलं होतं. पण छातीवर हात ठेवून म्हणवेना.

"या खिडकीतून तुम्ही दिसत होता," बायको म्हणाली. "सारखे उठायचा, बाकाभोवती फेरी मारायचा, एकेका बॅगेला हात लावायचा, बसायचा. परत उठायचा. पोरीला दाखवलं, बघ, बाबा बघ काय करतायत. ती हसायला लागली. मलाही हसू यायला लागलं. हसता हसता ती अंधारी गेली. मग बघतच बसले."

"मग वर गेलीस?"

"नाही हो. पायात जीव नव्हता. उतरले खाली."

"आणि नदी?"

"एक बाई उतरताना नवऱ्याला सांगत होती, नदी दिसली म्हणून."

बॅगवाल्याने खिडकीतून बाहेर पाहिलं. खाली सायकलींचा सांगाडा दिसत होता. माणूस तिथे बसला असता तर त्याचं डोकं दिसलं असतं, खांदे दिसले असते. त्याला काय वाटायला हवं हेच त्याला उमजेना. हात कोणाचाच नव्हता, म्हणजे आनंद व्हायला हवा. तो झाला नाही. इतके दिवस साडूवर राग धरला होता, तो आता कुठे ठेवायचा? आणि आपण खाली कुत्र्याला हुसकत होतो त्या वेळी ही इथे, अनोळखी माणसांच्या पायांत, पोरीला उराशी धरून बसली होती.

"मला का नाही सांगितलंस?"

"खाली आले तर पहिलं विचारलं तुम्ही, बघून झालं का नीट? आमच्यासाठी उन्हात बसला होता. काय सांगणार होते? म्हटलं, झालं बघून." तिने नाक पुसलं. "मग घरी पोरगी रोज विचारायची, बाबा कुठे होते? राजवाड्यात बाबा कुठे होते, समुद्रावर बाबा कुठे होते. रोज काय सांगणार, बाकावर? एक दिवस म्हटलं, होते की आपल्याबरोबर. लगेच झोपली. मग मी तुम्हाला सगळीकडे न्यायला लागले. पुढे पुढे मलाच वाटायला लागलं, होता तुम्ही."

"आई! बाबा!" वरून पोरीची हाक आली, आणि पाठोपाठ तिची पावलं. जिन्याच्या वळणावर ती मोबाइल हातात घेऊन उभी राहिली. दोघांना खिडकीपाशी बघून तिचा चेहरा फुलला. "मला माहीतच होतं तुम्ही इथे थांबणार. हीच ना ती खिडकी?"

"हीच," बायको म्हणाली आणि उठून उभी राहिली. तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो काय बोलेल, हे तिला ठाऊक नव्हतं. त्याला स्वतःलाही नव्हतं.

"हीच," बॅगवाला म्हणाला.

"मग धरा हात. बाबा, तेव्हा धरला होता ना, अगदी तसाच."

बॅगवाल्याने हात पुढे केला. मग थांबला. तसाच म्हणजे कसा? त्याने बायकोची बोटं धरली, सोडली. हाताचा पंजा धरला, तो बरोबर वाटेना. मग उजवा सोडून डाव्या हाताने धरून पाहिलं. बॅगेचं कुठलंही हँडल अंधारात बसवणारा माणूस, पण त्याला हा हात कुठे धरायचा ते कळेना. वरून जावई येत होता, खालून कोणीतरी चढत होतं, पोरगी मोबाइल डोळ्यांपुढे धरून थांबली होती.

बायको जवळ सरकली.

"मनगट," ती त्याला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात म्हणाली. "मनगट धरलं होतं तुम्ही."

त्याने मनगट धरलं.